रांजण

27 मे, नवतपाचा (उन्हाच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांचा) तिसरा दिवस

आज साडेपाचला नळ आला, दोन्ही रांजण भरून झाले आणि मी तिथेच फाटकाच्या पायरीवर बसून राहिले, उठावंसंच वाटेना.

नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घरासमोर कडुनिंबाखाली बाबांची प्याऊ, म्हणजे पाणपोई आहे, आई गेली त्या उन्हाळ्यात त्यांनी सुरू केली. डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पाडव्यापासून माझ्याकडे आली. बाबांचे नियम पक्के. कालचं पाणी झाडाला ओतायचं, रांजण आतून हातानं घासायचा पण साबण लावायचा नाही, मातीत मुरतो तो, आणि बाहेरची छिद्रं बुजू द्यायची नाही कारण त्यातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते तेव्हाच आतलं गार होतं. पाणी लांब दांड्याच्या वगराळ्यानंच काढायचं. कोण पिऊन राहिलं ते विचारायचं नाही.

एप्रिलात एक दिवस मी भरलंच नाही. रात्री ऑफिसचं काम, सकाळी झोप लागली, म्हटलं एक दिवसानं काय होते. दुपारी खिडकीतून बघते तर कूलरचं गवत विकणारा एक माणूस, डोक्याला दुपट्टा बांधलेला, त्यानं झाकण उचललं, आत पाहिलं आणि नीट परत ठेवलं. आवाज पण होऊ दिला नाही. मी बाटली घेऊन धावत बाहेर आले तोवर त्याचा ठेला वळून गेला होता. ते झाकण ठेवणं अजूनही डोळ्यासमोरून जात नाही.

बाबांना सांगितलं तर रागावले नाही, श्रीखंड्याची गोष्ट काढली. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन 12 वर्षं कावडीनं पाणी भरत होता, कोणी ओळखलं नाही, आणि ओळख पटली तसा गुप्त झाला. नाथषष्ठीच्या वेळी लोक आजही तिथला रांजण भरतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण आत्ता माझं लक्ष त्या 12 वर्षांवरच अडकलं. म्हणजे उन्हाळेच 12. रोज गोदावरी, रोज तीच कावड, आणि कोणी हात जोडणारं नाही.

मी किती वर्षं टेकडीच्या गणपतीला जाते, पिंपळापाशी डोळे मिटते आणि मन भलतीकडेच असतं, त्यामुळे मला वाटायचं की आपल्यात भक्तीच नाही बाप्पा. रांजण घासताना पण काही खास वाटत नाही, खरं सांगते, कधी कंटाळाच असतो. पण हात थांबत नाही आता. आणि मला वाटते की देवाला माझं वाटणं नको असेल, हा भरलेला रांजणच हवा असेल.

बाबांनी आत्ताच खाटेवरून विचारलं, रांजणावरचं लाल कापड ओलं केलं का. केलं म्हटलं. सव्वापाचचा अलार्म लावला आहे.