वीज पडते माळावर, मरतं टाकीवरचं

दोन वर्षं, दोन मे महिने आणि टाकीवरचे दोन जळालेले लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पाण्याची पातळी मोजून कळवणारी यंत्रं. सोलापूर जिल्ह्यातली एक नळपाणी योजना. टेकाडावर टाकी, खाली पंपहाउस आणि मधे खांबांवरून ओढलेली शिल्डेड केबल (आत दोन तारा, वरून धातूचं वेष्टण म्हणजे शिल्ड), ड्रॉइंगप्रमाणे ३६० मीटर. टाकीत पाणी किती हे त्या केबलमधून ४ ते २० मिलिअँपिअरच्या हिशोबात खाली कळतं, त्यावर पंप चालू-बंद होतो. ट्रान्समीटर गेला की ऑपरेटर आबांना दिवसातून चारदा टाकीवर चढावं लागतं.

"वीज टाकीवर पडत न्हाई साहेब," आबा म्हणाले. "पलीकडं माळावर पडती, आन् मरतं आपलं यंत्र."

आमच्या साहेबांचं म्हणणं साधं होतं: सर्ज अरेस्टर, म्हणजे अचानक चढलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण, बसव आणि मोकळा हो. पण पंपहाउसच्या पॅनेलमध्ये अरेस्टर होताच, आणि तिथलं सर्किट कार्ड दोन्ही वेळा शाबूत राहिलं होतं. दरवेळी वरचंच का जातं, हे मला आकड्यांत बघायचं होतं.

पहिल्या रविवारी टेकाड, टाकी, केबल सगळं कॉम्प्युटर मॉडेलमध्ये त्रिमितीत घ्यायला निघालो. परिसर अर्धा किलोमीटरचा, केबल १० मिलिमीटर जाडीची. गणितासाठी जागेचे १ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, म्हणजे सेल धरले, तरी ५०० मीटरच्या घनात ते होतात १२५ लाख कोटी. लॅपटॉप मिटवला आणि चहा केला.

मग रुळलेल्या वाटेवर आलो. काम दोन टप्प्यांत करायचं. आधी केबल नाहीच असं समजून विजेचं क्षेत्र काढायचं, मग ते क्षेत्र केबलवर सोर्स म्हणून लावायचं. केबलमधल्या करंटने आभाळातल्या विजेला काही फरक पडत नाही, एवढंच यात गृहीत आहे. विजेचा मार्ग सरळ उभा आणि जमीन सपाट मानली की फक्त अंतर आणि उंची या दोनच मिती उरतात. टेकाड सपाट केलं, हा गुन्हा कबूल. १ मीटरचे सेल, १ किलोमीटर त्रिज्या, दीड किलोमीटर उंची, म्हणजे १५ लाख सेल. ते लॅपटॉपला झेपतं.

पद्धत केन यी यांची, १९६६ सालची. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं अर्ध्या सेलने आणि अर्ध्या क्षणाने एकमेकांपासून सरकवून ठेवायची आणि आळीपाळीने पुढे न्यायची. कोड दोन पानांत बसतो. पहिल्या रनमध्ये काही स्टेप छान लहर पसरली, मग कडेला बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी उमटली आणि पडदाभर 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नाही'. टाइम स्टेप, म्हणजे दरवेळी वेळ पुढे न्यायची पायरी, मी ३ नॅनोसेकंद घेतली होती. प्रकाश १ मीटर जायला ३.३ नॅनोसेकंद घेतो, म्हणून ती सुरक्षित वाटली. पण तो नियम एका मितीचा. दोन मितींत मर्यादा दोनच्या वर्गमुळाने आक्रसते आणि २.३६ वर येते. २ नॅनोसेकंद केली, गाडी रुळावर.

पुढचा घोळ जास्त फसवा होता, कारण त्यात काही फुटत नव्हतं. विजेपासून २०० मीटरवर थेट लहर आल्यानंतर बरोबर ५.३ मायक्रोसेकंदांनी ग्राफला एक टेंगूळ येत होतं. दोन दिवस मी त्याचं भौतिक कारण शोधत बसलो. मग ग्रिडची बाहेरची कड २०० मीटर लांब सरकवली, तर टेंगूळ ६.७ वर गेलं. म्हणजे तो माझ्याच भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी. कडेला बेरेंजर यांचा १९९४ सालचा शोषक थर लावला, दहा सेल जाडीचा, आणि टेंगूळ गेलं.

केबलसाठी अग्रवाल आणि सहकाऱ्यांची १९८० सालची समीकरणं घेतली. त्यांत केबलच्या लांबीच्या दिशेने असलेलं आडवं विद्युत क्षेत्र हा सोर्स असतो. ४ मीटर उंचीवर ५ मिलिमीटर त्रिज्येची तार म्हणजे तिच्यावरून धावणाऱ्या लहरीसाठी जमिनीच्या संदर्भात ४४३ ओहम. मोठा रन लावायच्या आधी दोन छोट्या परीक्षा घेतल्या. प्रति मीटर १ किलोव्होल्टच्या स्थिर उभ्या क्षेत्रात तार ठेवायची. एक टोक जमिनीला जोडलेलं असेल, तर व्होल्टेज शून्य यायला हवं. आलं. खूश झालो. दोन्ही टोकं मोकळी ठेवली, तर तार ४ मीटर उंचीवर तरंगते, म्हणून ४ किलोव्होल्ट यायला हवेत. तरीही आलं शून्य.

पहिली परीक्षा चुकून पास झालो होतो. या समीकरणांतून निघतं ते फक्त तारेमुळे विखुरलेल्या क्षेत्राचं व्होल्टेज. त्यात मूळ उभ्या क्षेत्राचा वाटा मिळवायचा असतो, आणि टोकांना खाली उतरणाऱ्या उभ्या तुकड्यांचे सोर्सही लावायचे असतात. मी दोन्ही विसरलो होतो. खरी वीज लावून बसलो असतो तर कुठला तरी भारदस्त ग्राफ आला असता आणि मी तो साहेबांना दाखवलाही असता.

जमिनीचं प्रकरणही असंच. आधी जमीन आदर्श वाहक धरली होती. आमच्याकडे मेमधला मुरूम म्हणजे वाहक कसला? वाहकता प्रति मीटर ०.००१ सीमेन्सवर आणली, तर आडवं क्षेत्र इतकं वाढलं की टोकाच्या व्होल्टेजचा आकारच बदलला.

आता प्रश्नाचं उत्तर. शिल्ड आम्ही फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केली, म्हणजे जमिनीला जोडली होती. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये तसंच करतात, दोन्ही टोकं जोडली तर सिग्नलमध्ये वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण येते. वरचं टोक मोकळं. माळावर २०० मीटरवर पडलेली १२ किलोअँपिअरची वीज त्या मोकळ्या टोकाला काही किलोव्होल्ट आणते, आणि ट्रान्समीटरच्या कॅटलॉगात इन्सुलेशन ५०० व्होल्टचं. आबांचं खरं होतं. अरेस्टर होता, तो चुकीच्या टोकाला. शिल्ड टाकीच्या बाजूला थेट अर्थ न करता गॅस ट्यूबमार्फत (व्होल्टेज फार चढलं तरच वाहू देणारी वायूभरली नळी) अर्थ करायची असं ठरलं. म्हणजे एरवी ते टोक मोकळंच आणि वीज कडाडली की जमिनीला जोडलेलं. सोबत दोन्ही तारांनाही अरेस्टर.

बसवण्याआधी मात्र मोजून बघायचं होतं. पॅनेलमध्ये शिल्डच्या अर्थ वायरवर क्लॅम्प करंट प्रोब लावला, ऑसिलोस्कोप यूपीएसवर ठेवला आणि ट्रिगर लावून वळिवाची वाट बघत बसलो. एक टोक जमिनीला, दुसरं मोकळं, तर लहर चार फेऱ्यांत एक आवर्तन पुरं करते. ३६० मीटरला एका बाजूची फेरी १.२ मायक्रोसेकंदांची, म्हणून मॉडेलमध्ये आवर्तन ४.८. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लांबवर कडाडलं आणि पडद्यावर तीच हेलकावे खात विरत जाणारी लहर. फक्त आवर्तन ५.२.

०.४ जास्त, म्हणजे एका फेरीत ०.१ मायक्रोसेकंद, म्हणजे ३० मीटर. रात्री कोड पुन्हा उघडला. झोळ धरला, केबलच्या आवरणामुळे कमी होणारा वेग धरला, तरी एवढं निघेना. सकाळी आबांना सहज विचारलं, केबल ३६० मीटरच आहे ना?

"तेवढीच हाय की," आबा म्हणाले. "आन् उरल्याली टाकीखाली येटोळं करून ठिवलीया."