खेड, पण कुठलं?

महाराष्ट्रात खेड नावाचे दोन तालुके आहेत. एक पुणे जिल्ह्यात, ज्याचं ठिकाण राजगुरुनगर. दुसरा रत्नागिरीत. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही. आष्टी बीडचीही आणि वर्ध्याचीही, सेलू परभणीचं नि वर्ध्याचं, कळंब धाराशिवचं नि यवतमाळचं. मालेगाव म्हटलं की सगळे नाशिककडे बघतात, पण वाशिम जिल्ह्यातही मालेगाव तालुका आहे आणि तिथल्या पोरांनी आपला पत्ता दर वेळी समजावून का सांगावा?

मी पुण्यात एका शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टचं कामकाज बघते. जूनपासून अर्ज येतात, कागदावर भरलेले, आणि ते आम्ही एक्सेलच्या शीटमध्ये चढवतो. चढवणारे म्हणजे कॉलेजातली दोन-तीन मुलं आणि एक निवृत्त गुरुजी. प्रत्येकाचं शुद्धलेखन वेगळं. वेंगुर्ला, वेंगुर्ले. चिपळूण, चिपळुण. कराड, कऱ्हाड. शेवटी तालुकावार तक्ता काढायला बसलं की एका तालुक्याचे तीन तालुके झालेले असतात.

कऱ्हाडची गंमत तर अजून पुढची. तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर त्याचं स्वतंत्र अक्षर असतं, कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही कऱ्हाड सारखेच. पण लेन फंक्शन लावून बघा, एकाची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. गुरुजींना हे दाखवलं तर म्हणाले, “ताई, मग आम्ही वाचून दुरुस्त करायचं तरी कसं?” वाचून करायचंच नाही, गुरुजी. टाइप करू द्यायचं नाही, हाच उपाय.

म्हणजे ड्रॉपडाउन, सेलमधला बाण दाबला की उघडणारी तयार यादी. डेटा टॅबवर डेटा व्हॅलिडेशन, तिथे अलाउमध्ये लिस्ट, सोर्समध्ये यादीची जागा. जिल्ह्यापुरतं हे पाच मिनिटांचं काम आहे, ३६ नावं. खरा प्रश्न तालुक्याचा. साडेतीनशेच्या वर तालुक्यांची एकच यादी दिली तर उघडल्यावर एकावेळी जेमतेम आठ नावं दिसतात आणि खेड दोनदा येतं. तेव्हा तालुक्याच्या सेलने आधी शेजारच्या जिल्ह्याकडे बघायचं आणि तेवढेच तालुके दाखवायचे. रत्नागिरी निवडलं की मंडणगड ते राजापूर नऊ नावं, बस्स.

यासाठी इंटरनेटवर सगळीकडे जी पद्धत सांगतात ती इनडायरेक्टची. प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांच्या सेलना मिळून त्या जिल्ह्याचं नाव द्यायचं, म्हणजे नेम्ड रेंज करायची, आणि तालुक्याच्या सोर्समध्ये इनडायरेक्ट लावून जिल्ह्याच्या सेलकडे बोट दाखवायचं. सेलमध्ये जे नाव, त्या नावाची रेंज उघडते. दिसायला सुंदर. आमची जुनी शीट अशीच होती, जिल्हे इंग्रजी अक्षरांत आणि मागे ३६ नेम्ड रेंज.

मग २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. नेम्ड रेंजच्या नावात मोकळी जागा चालत नाही. औरंगाबाद एक शब्द होता, नवं नाव दोन शब्दांचं. यादीत नाव बदललं आणि त्या जिल्ह्याच्या तालुक्याचा बाण दाबला की काहीच उघडेना. यावर तोडगा आहे, रेंजच्या नावात खालची रेघ घालायची आणि फॉर्म्युल्यात सब्स्टिट्यूटने जागेच्या ठिकाणी तीच रेघ बसवायची. मुंबई उपनगरसाठी आधीच्या माणसाने वेगळीच युक्ती केली होती, ती मी इथे सांगत बसत नाही. उस्मानाबादचं धाराशिव, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर, आणि प्रत्येक वेळी यादी एकीकडे बदला, रेंजचं नाव दुसरीकडे बदला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा निघाला तेव्हा ही शीट असती, तर वसई ते तलासरी आठ तालुके एका रेंजमधून उपसून दुसरीत भरावे लागले असते. जिथे जिल्ह्यांची नावं आणि हद्दी बदलतात, तिथे इनडायरेक्ट वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंटरनेटवरच्या फळं-भाज्यांच्या उदाहरणात ते छान चालतं, कारण आंब्याचं नाव कुणी राजपत्रात बदलत नाही.

मी केलं ते असं. ‘यादी’ नावाच्या शीटवर दोनच कॉलम, पहिल्यात जिल्हा, दुसऱ्यात तालुका. प्रत्येक तालुक्याला एक ओळ, म्हणजे पुणे १४ वेळा लिहिलेलं. एकाच अटीवर सगळं उभं आहे, एका जिल्ह्याच्या ओळी सलग हव्यात. एंट्रीच्या शीटवर जिल्हा सी कॉलममध्ये, तालुका डीमध्ये. डीच्या सोर्समध्ये ऑफसेट. त्याला पाच गोष्टी द्यायच्या. सुरुवात यादीतल्या बी १ पासून. किती ओळी खाली उतरायचं? मॅचने जिल्ह्याचं नाव ए कॉलममध्ये पहिल्यांदा कितव्या ओळीत सापडतं ते काढायचं, त्यातून एक वजा. बाजूला किती सरकायचं? शून्य. किती ओळी उचलायच्या? काउंटइफने तो जिल्हा जितक्या वेळा आलाय तितक्या. रुंदी एक. एवढंच. पालघर वेगळा काढायचा तर आठ ओळींत ठाण्याच्या जागी पालघर लिहायचं आणि ओळी सलग लावायच्या. फॉर्म्युल्याला हात लागत नाही.

यात दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं डॉलरचं. डॉलर लावला की पत्ता जागचा हलत नाही. यादीच्या पत्त्यांना डॉलर हवेत, पण जिल्ह्याच्या सेलच्या पत्त्यात ओळीच्या आकड्याआधी डॉलर नको, नाहीतर शंभराव्या ओळीतला तालुकाही दुसऱ्या ओळीतल्या जिल्ह्यालाच विचारत बसतो. दुसरं, फॉर्म्युला भरताना जिल्ह्याचा सेल रिकामा असेल तर एक्सेल म्हणतं की सोर्समध्ये सध्या एरर येतेय, पुढे जायचं का. खुशाल हो म्हणा. जिल्हा नसताना तालुका कुठून येणार? मात्र त्याच खिडकीतल्या ‘इग्नोर ब्लँक’ची खूण काढून टाका. ती राहिली तर जिल्हा रिकामा असताना तालुक्यात काहीही लिहिलेलं चालतं.

मुंबई शहर हा जिल्हा आहे, पण त्यात तालुकाच नाही. उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन आहेत, शहरात शून्य. काउंटइफ शून्य देतो, शून्य ओळींची यादी ऑफसेटला उचलता येत नाही. म्हणून मुंबई शहरासमोर ‘लागू नाही’ अशी एक ओळ घातली आहे.

आता खरी डोकेदुखी. सातारा निवडला, कऱ्हाड निवडलं, मग लक्षात आलं की जिल्हा सांगली हवा होता. जिल्हा बदलला. तालुक्यात कऱ्हाड तसंच बसून राहतं! एक्सेल काही बोलत नाही, कारण व्हॅलिडेशन फक्त त्या सेलमध्ये लिहिताना तपासतं, शेजारचा बदलला म्हणून मागे वळून बघत नाही. मॅक्रोने, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, तालुका आपोआप पुसता येतो, पण आमची फाइल चार जणांच्या लॅपटॉपवर फिरते आणि मॅक्रो म्हटलं की एखाद्या तरी मशीनवर बंद असतात. म्हणून जिल्ह्याच्या सोर्समध्येच इफ घातलं. डी रिकामा असेल तर जिल्ह्यांची यादी, नसेल तर एका ओळीची दुसरी यादी, जिच्यात फक्त ‘आधी तालुका पुसा’ एवढंच लिहिलंय. गुरुजींना हे फार आवडलं. मुलांपैकी एकाने तीच ओळ निवडून जिल्हा म्हणून ‘आधी तालुका पुसा’ अशी एंट्री केली, पण ती निदान नजरेत तरी भरते.

आणि कॉपी-पेस्ट. व्हॅलिडेशन असलेल्या सेलवर दुसरीकडून उचललेला सेल पेस्ट केला की नुसती किंमत येत नाही, तुमची यादीही पुसली जाते. फक्त व्हॅल्यू पेस्ट केली तर यादी राहते, पण आलेला मजकूर कुणी तपासत नाही. दुसऱ्या प्रकारातल्या चुका ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ने लाल गोलात दिसतात. पहिल्या प्रकारात नियमच उरलेला नसतो, गोल कशाला येईल? रंगवण्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं तर पेस्ट त्याचीही वाट लावते. म्हणून मी शेवटी एक ‘तपास’ कॉलम ठेवला आहे. त्यात काउंटइफ्स बघतो की हा जिल्हा आणि हा तालुका यादीतल्या एकाच ओळीत आहेत का. नसतील तर ‘चूक’. तो कॉलम लॉक करून शीटला पासवर्ड लावलाय. शीटला पासवर्ड लावताना एंट्रीचे कॉलम आधी अनलॉक करायचे, हे सांगायला नकोच.

या कॉलमचा एक वेगळा उपयोग होतो. ड्रॉपडाउनमधून निवडलेलं नाव सेलमध्ये साध्या मजकुरासारखं बसतं, यादीशी त्याचं नातं उरत नाही. यादीत अहमदनगरचं अहिल्यानगर केलं तरी जुन्या ओळी अहमदनगरच राहतात. त्या सगळ्या ओळींपुढे ‘चूक’ उमटतं, मग शोधा-आणि-बदला करून पाच मिनिटांत काम संपतं. अर्जदारांच्या जुन्या दाखल्यांवर जुनीच नावं छापलेली असतात, त्यामुळे गुरुजींसाठी भिंतीवर जुनं-नवं असा कागद चिकटवला आहे. जमलं तर यंदा तिसऱ्या कॉलममध्ये केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले तालुक्यांचे कोड भरायचे आहेत. त्यात प्रत्येक तालुक्याचा आकडा वेगळा, खेडचं भांडणच मिटतं.

ज्यांच्याकडे एक्सेलची नवी आवृत्ती आहे त्यांनी अटीत बसणाऱ्या ओळी तेवढ्या गाळून देणारं फिल्टर फंक्शन वापरावं असं मला कुणी ना कुणी सांगतंच. वापरा, पण फिल्टर थेट सोर्सच्या चौकटीत चालत नाही. ते आधी एखाद्या सेलमध्ये पसरवून मग त्या पसरलेल्या यादीचा पत्ता द्यावा लागतो, आणि आमच्यासारख्या हजार ओळी असतील तर हजार ठिकाणी पसरवायचं. गूगल शीट्समध्ये मात्र हाच मार्ग. तिथे ड्रॉपडाउनला फॉर्म्युला देता येत नाही, फक्त रेंज. म्हणून मागच्या शीटवर प्रत्येक ओळीसाठी फिल्टर आणि ट्रान्सपोज करून तालुके आडवे मांडायचे आणि ती आडवी ओळ रेंज म्हणून द्यायची, डॉलरशिवाय. वीस कॉलम पुरतात, नांदेड आणि यवतमाळ सोळा-सोळांवर थांबतात. लिब्रेऑफिसमध्ये डेटा मेन्यूतल्या व्हॅलिडिटीत सेल रेंजच्या जागी ऑफसेटचा फॉर्म्युला घालता येतो.

गावांचं काय, असं ट्रस्टमधल्या एका काकांनी विचारलं. राज्यात गावं चाळीस हजारांच्या वर, आणि एका तालुक्यात बुद्रुक, खुर्द, तर्फे अमुक. ती यादी करायला घेतली तर अर्ज बाजूला राहतील. गाव हाताने लिहायचं, तिथे मी कुणाला अडवत नाही. पिनकोडला मात्र पूर्ण संख्येची अट आहे, ४,००,००० ते ४,४९,९९९ यांच्या मधली, कारण महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात. गोव्याचा ४०३ त्यातून सुटतो, पण गोव्याहून अर्ज आलाच तर तो जिल्ह्याच्या यादीतच अडकेल.