पडघ्याच्या पुढे

भाऊ बरा झाला तर नाशिकच्या बाळ येशूच्या देवळात चालत जाईन, असा आईचा नवस होता. भाऊ बरा झाला नाही. तरी आईचं एकच, जायचं. तिचे गुडघे गेलेत, म्हणून फेब्रुवारीतल्या सणाआधी मी निघाले.

तलावपाळीच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चपाशी पहाटे फादरांनी आशीर्वाद दिला. माजिवडा, साकेतचा पूल, खारेगाव, माणकोली. गोदामं संपता संपत नाहीत आणि कंटेनरवाले अंगावरच येतात. आमच्या चालणाऱ्या मंडळींच्या पुढे एक अंकल खांद्याला स्पीकर लावून बेसूर गात होते. 'नमो मरिये, कृपापूर्णे' माझ्या तोंडून अर्धंच निघायचं. भावाच्या डायलिसिसच्या त्या सगळ्या काळात एकही बुधवार न चुकवता माहीमच्या चर्चात मरियामातेची नोव्हेनाची प्रार्थना केली होती. मयताला आलेला जो तो मात्र म्हणे, 'देवाची इच्छा.' तेव्हापासून माझी जपमाळ पर्समध्येच पडून.

पडघ्याचा मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी, वाशिंदच्या अलीकडे, टाच पेटली. बूट काढवेना. अंकल म्हणाले, "दुःख प्रभूला अर्पण कर." मनात म्हटलं, तुमची टाच द्या, तीही अर्पण करते. मंडळी पुढे गेली.

पंक्चरच्या दुकानामागे एक घर होतं. ओट्यावरच्या आजींनी पाय बघितला. "आगं बाय, कवरा फोर हा!" गळ्यात तुळशीची माळ. आळंदीची वाट त्यांनी कितीदा तुडवली होती, देव जाणे. सुई काडीच्या आचेवर धरली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेतून घालून दुसऱ्या कडेने काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "काढू नको, पानी आपोआप झिरपतं. कातरी बिलकूल सोलू नको." पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब खाली आलं. वर खोबरेल आणि हळद. मग बिनदुधाचा चहा.

नवस कशाचा, विचारलं त्यांनी. फादरांना सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगून बसले. देवाचं तोंड बघावंसं वाटत नाही, म्हटलं.

"मंग भांड ना त्याच्याशी. आमी पन भांडताव विठोबाशी." एवढं बोलून त्या कोंबड्या हाकायला गेल्या.

पर्समधली जपमाळ काढली. शुक्रवार होता, म्हणजे दुःखाची रहस्यं, येशूच्या यातनांचे पाच प्रसंग आठवत जपायची. पहिलंच रहस्य गेथशेमानेच्या बागेचं. हा दुःखाचा प्याला टळू दे, असं प्रभू येशूनेच देवबापाला विनवलं. प्याला टळला नाही. क्रूसावरून त्याने बापाला विचारलं की मला का सोडलंस. लहानपणापासून दर गुड फ्रायडेला हे ऐकत आले, आणि तरी मला वाटायचं की तक्रार करणारी मी एकटीच. त्या ओट्यावर बसून मी पाचही रहस्यं म्हटली. मध्येच रडू फुटलं, ते आवरलं नाही. भाऊ गेला त्या दिवशीही एवढी रडले नव्हते. मग बरं वाटलं, भूकही लागली.

शहापूर, खर्डी, कसाऱ्याचा घाट, इगतपुरी. कुठला दिवस कुठे गेला, आता सांगता येत नाही. घाटात अंकलच्या स्पीकरचा चार्ज संपला, तेवढं मात्र पक्कं आठवतं.

नाशिक रोडला ही गर्दी! बाळ येशूसमोर उभी राहिले आणि भावापासून सुरुवात केली. अर्धंही बोलून झालं नव्हतं, तोच मागच्या बाईंनी कोपर मारलं. "अहो, हात जोडा आणि सरका पुढे, मिस्सा सुरू होतेय."