तारावावर दोनदा उतरलो, त्याचा अनुभव

तारावा म्हणजे पॅसिफिक महासागरातलं एक प्रवाळ बेट, आणि मी तिथे उतरलो ते कॉम्प्युटर गेममध्ये. गेम म्हणजे दुसऱ्या महायुद्धावरचा वॉर इन द पॅसिफिक, अ‍ॅडमिरल्स एडिशन. २००९ चा आहे, दिसायला अगदी साधा, नकाशावर षटकोन आणि त्यावर बारकी चिन्हं, बस. एक षटकोन ४० सागरी मैलांचा आणि एक टर्न म्हणजे एक दिवस. मी अलाईज, म्हणजे अमेरिकेची दोस्त बाजू, खेळतोय आणि सांगलीचा माझा कॉलेजपासूनचा मित्र जपान. रोज एकच टर्न, तो रात्री फाइल पाठवतो, मी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी माझे ऑर्डर टाकून परत पाठवतो. असं दीड वर्ष चाललं आणि डिसेंबर १९४१ पासून आम्ही जून १९४३ ला पोचलो. म्हणजे गेममधला एक महिना हा आमचा पण खराखुरा एक महिनाच असतो, आणि पुढचं सगळं समजायला हे डोक्यात ठेवायला लागेल.

या गेममध्ये प्रत्येक युनिटला पुढचं टार्गेट द्यावं लागतं, आणि मग ते युनिट त्या जागेची तयारी करायला लागतं. त्याला आम्ही प्रेप म्हणतो. शून्यापासून १०० पर्यंत, रोज साधारण एक पॉइंट. टार्गेट बदललं की सगळं परत शून्यावर. मला हे माहीत होतं, तरी मी ते मनावर घेतलं नव्हतं.

माझी एक मरीन रेजिमेंट मेकिन या बेटासाठी तयार होत होती, प्रेप ७० च्या पुढे गेलेला. तेवढ्यात रेकीच्या, म्हणजे टेहळणीच्या, विमानांनी दाखवलं की शेजारच्या तारावावर फौज कमीच दिसतेय. मला वाटलं मोठं बेट घ्यायची हीच वेळ, टार्गेट बदललं आणि दोन आठवड्यांत जहाजं भरून निघालो. प्रेप १४. एपीए, म्हणजे किनाऱ्यावर सैन्य उतरवायची खास जहाजं, बाकीकडे अडकलेली होती म्हणून साधी मालवाहू जहाजं घेतली आणि सप्लाय वेगळ्या टास्क फोर्समध्ये, म्हणजे जहाजांच्या ताफ्यात, मागून येणार होता.

प्रवाळ बेटावर उतरलं की गेम तुम्हाला थांबू देत नाही, जेवढी माणसं पहिल्या रात्री किनाऱ्यावर पोचली तेवढ्यांनिशी शॉक अटॅक, म्हणजे थेट जोरदार हल्ला, आपोआप होतो. साधी मालवाहू जहाजं सावकाश रिकामी होतात, त्यामुळे माझी रेजिमेंट तुकड्यातुकड्यांनी उतरली, किनाऱ्यावरच्या तोफांनी त्यातली बरीच उतरतानाच मारली आणि जे उरले ते एकटे भिडले. रेकीत दिसलेल्याच्या दुपटीहून जास्त फौज होती तिथे. कॉम्बॅट रिपोर्टमध्ये ऑड्स १ टू ५ दिसले, म्हणजे माझी ताकद एक आणि त्यांची पाच, खाली फोर्टिफिकेशन, म्हणजे तटबंदीची पातळी, ४. सप्लाय पोचला तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी रेजिमेंट यादीतून गेली. त्या सकाळी मी चहा तसाच ठेवून उठलो, खूप लागलं ते.

त्यानंतर मी खऱ्या लढाईबद्दल नीट वाचायला घेतलं. तारावा, २० नोव्हेंबर १९४३. तारावातल्या बेतिओ बेटाच्या भोवतीच्या खडकावर बोटींना जेवढं पाणी लागतं तेवढं भरतीला आलंच नाही, बोटी बाहेरच अडकल्या आणि मरीन्स छातीभर पाण्यातून शेकडो यार्ड चालत गेले, समोरून मशीनगन चालू. पाण्यातून येऊन खडकावरून चढून जाणारे सैन्याचे ट्रॅक्टर होते ते साधारण सव्वाशे, पहिल्या लाटांनाच पुरले. तीन दिवसांत सुमारे हजार अमेरिकन गेले, आणि जपान्यांच्या बाजूने साडेचार हजारांच्या आसपास माणसांमधले सैनिक जिवंत पकडले गेले ते फक्त १७, बाकी जे वाचले ते बहुतेक कोरियन मजूर.

पण माझ्या कामाची गोष्ट मला ग्वाडलकनाल या बेटावरच्या आधीच्या लँडिंगमध्ये सापडली. जुलै १९४२ मध्ये फर्स्ट मरीन डिव्हिजनचं सामान वेलिंग्टनच्या धक्क्यावर उतरवून परत भरावं लागलं, कारण जे आधी लागणार ते जहाजात वर पाहिजे आणि आलं होतं ते नुसतं जागा वाचवून भरलेलं. पावसात पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली, धक्क्यावर कॉर्नफ्लेक्सचा चिखल झाला. आणि एवढं करून उतरल्यावर दोनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, सामान अर्धवट असताना जहाजं निघून गेली. हे वाचल्यावर मला पटलं की लँडिंगचा निकाल जहाजं भरतानाच लागतो.

दुसऱ्या वेळी मी वही केली. डाव्या बाजूला युनिट, मग प्रेप, मग कोणतं जहाज, मग त्याच जहाजांच्या टास्क फोर्समध्ये किती सप्लाय. सेकंड मरीन डिव्हिजन, एक टँक बटालियन, इंजिनियर्स आणि अँफिबियस एचक्यू (लँडिंग सांभाळणारं मुख्यालय), सगळ्यांना एकाच दिवशी तारावा टार्गेट दिलं आणि मग खरोखरचे तीन महिने हात लावला नाही. मित्र फोनवर विचारायचा, अरे तू हल्ला कधी करणार आहेस, मी विषय बदलायचो. तोवर माझ्या ताब्यातल्या फुनाफुती बेटाची धावपट्टी वाढवली आणि तिथून रोज बी-२४ बॉम्बर तारावावर पाठवले, नुकसानीपेक्षा तिथली फौज थकलेली राहावी म्हणून. एपीए आणि एलएसटी (थेट किनाऱ्याला लागून रणगाडे उतरवणारी जहाजं) एकेक करून गोळा केल्या.

प्रेप ९२ झाल्यावर निघालो. पुढे सुरुंग काढणारे माइनस्वीपर, मग किनाऱ्यावर तोफा डागायला बॅटलशिप्स दोन रात्री लागोपाठ, कॅरियर्स, म्हणजे विमानवाहू जहाजं, दोन षटकोन मागे. सैन्य सगळ्यात शेवटी. किती फौज न्यायची ते बेटाच्या स्टॅकिंग लिमिटप्रमाणे (त्या बेटावर किती माणसं मावतात त्याची मर्यादा) ठरवलं, कारण जास्त माणसं कोंबली तर ती बसल्या जागी सप्लाय खातात आणि थकतात. एक रेजिमेंट जहाजावरच ठेवली.

पहिल्या रात्री डिव्हिजनचा बराच भाग उतरला. ऑड्स १ टू १, फोर्ट ४ वरून ३. दुसऱ्या दिवशी २ टू १. तिसऱ्या दिवशी बेट मिळालं, तरी मी कॅरियर्स मोकळे सोडले नाहीत, कारण खऱ्या मोहिमेत बेतिओ पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मेकिनजवळ जपानी पाणबुडीने लिस्कम बे हे छोटं अमेरिकन कॅरियर बुडवलं, ६४४ माणसं गेली. रिकामं झालेलं प्रत्येक जहाज त्याच दिवशी एस्कॉर्ट देऊन मागे पाठवलं. एक एलएसटी गेली, बाकी सगळी परत आली.

मित्राचा मेसेज आला, "कधीपासून तयारी करत होतास रे?" मी त्याला वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. सगळ्यांना आता क्वाजालीन हे पुढचं बेट टार्गेट दिलंय, आज सकाळी प्रेप ११ होता.