दिवाळे गावची होडी आणि कॅनडातली दोरी

ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये खांद्यावर रॉडची लांब पिशवी आणि पायाशी आइसबॉक्स घेऊन बसलं की कुणीतरी विचारतंच. या वेळी रबाळ्याला चढलेल्या एका काकांनी विचारलं, "माशाला?" मी म्हटलं, "हो." "बाजारात मिळत नाही का?" त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती.

पिशवीत या वेळी एक नवीन गोष्ट होती. माझा भाचा व्हँकुव्हरला असतो आणि उन्हाळ्यात तिथल्या समुद्रात सॅमन पकडतो. दिवाळीला आला तेव्हा हिरव्या विणलेल्या दोरीचं १५० मीटरचं रीळ मला देऊन गेला. तीस पाउंडची, म्हणजे तेवढ्या वजनाचा ताण सोसणारी, आणि जाडीला शिवणदोऱ्याच्या आसपास. माझं जुनं तीस पाउंडचं तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची एकसंध दोरी, अर्ध्या मिलिमीटरहून जाड, ही जेमतेम त्याच्या निम्मी. सॅमनवाल्यांची दोरी म्हणजे शेवटचा शब्द, असं मी धरूनच चाललो होतो.

बेलापूर स्टेशनवरून रिक्षाने दिवाळे गाव. सकाळी साडेसहाला जेट्टीवर सुक्या बोंबलाचा आणि डिझेलचा वास एकत्र येतो. तो ज्याला आवडत नाही त्याने पुढे वाचू नये. नाखवांची फायबरची होडी तयार होती, पण त्यांचा मुलगा डबा आणायला घरी गेलेला. म्हणून वेळ होता.

"ही काय?" नाखवांनी दोरी चिमटीत धरली.

"ब्रेड म्हणतात हिला."

"ब्रेड?" ते बघतच राहिले. "चायसोबत?"

इंग्रजीत 'braid' म्हणजे वेणी, असं सांगितल्यावर दिवसभर त्यांनी तिला वेणीच म्हटलं, आणि ते नाव मला जास्त पटलं. आत खरोखरच वेणीसारखे पदर असतात. दुधाची पिशवी ज्या पॉलिथिनची असते त्याच कुळातलं हे, फक्त रेणू फार लांब आणि एका दिशेने ताणून बसवलेले. पाण्याहून किंचित हलकं, म्हणून तरंगतं. तंगूस म्हणजे नायलॉन, ते हळूहळू बुडतं आणि थोडं पाणीही पितं.

वेळ होता म्हणून आम्ही एक पोरखेळ केला. जेट्टीच्या खुंटाला दहा मीटर तंगूस बांधलं आणि दुसरं टोक हाताला फडकं गुंडाळून धरून मी मागे चालत गेलो. एक पाऊल, दुसरं, आणि तिसरं पडायच्या बेताला हात थरथरायला लागला. म्हणजे पावणेदोन-दोन मीटर ते नुसतं ताणलं गेलं होतं. मग वेणी बांधली. वीतभर सरकलो असेन, तेवढ्यात फडक्यातूनही बोट कापल्यासारखं झालं. "बघ," नाखवा म्हणाले, "मासा जोर लावतो तवा तंगूस थोरा देतो. ही नाय देत."

त्यांचं म्हणणं मी त्या वेळी हसण्यावारी नेलं.

अष्टमी होती, भांगेचं पाणी. अष्टमीला आमच्याकडे पहाटे सहाच्या आसपास भरती पुरी होते, म्हणून सातला सुकती, म्हणजे ओहोटी, धरून निघालो. भांगेला पाण्याला ओढ कमी, गाळ कमी उठतो, आणि नकली मासा होडीमागे ओढत मासेमारी करायची असेल तर हेच दिवस बरे. उधाणाला पनवेल खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यात मासा काय बघणार? दोरी दिसते की नाही यावर शहरातले गळवाले जेवढी चर्चा करतात ती निदान आमच्या खाडीत फुकट आहे.

डाव्या हाताला उलव्याची बाजू, नव्या विमानतळाची. उजवीकडे बेलापूर, मग सीवूड्सच्या इमारती. टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवरून रोहित पक्ष्यांचा एक थवा उठला आणि ठाणे खाडीकडे वळला. २०२२ साली ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून होड्यांतून फोटो काढायला येणारे वाढलेत. नाखवांचा पुतण्या त्या फेऱ्या करतो. "मासा नाय मिलाला तरी पैसा मिलतो," असं त्याचं गणित.

खाडीच्या तोंडाशी डोलीचे, म्हणजे डोल जाळी बांधायचे, खुंट सुरू झाले. दूर अटल सेतू पाण्यावर रेघ मारल्यासारखा दिसत होता. इंजिन मंद केलं, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आणलं, आणि तोंडाला पारदर्शक पट्टी असलेला नकली मासा पंचवीस वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) मागे सोडला. ती पट्टी पाणी कापते म्हणून तो खाली बुडी मारतो. इथे वेणीचा गुण लगेच कळला. बारीक दोरीला पाणी कमी अडतं, त्यामुळे तोच नकली मासा तंगुसावर जातो त्याहून खोल जातो. रॉडच्या टोकाला त्याची थरथर स्वच्छ येत होती, आणि शेवाळाचं एक पान अडकलं तरी ती थरथर बिघडल्याचं कळत होतं. तंगुसावर हे सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं येतं. मी नाखवांकडे विजयी मुद्रेने बघितलं.

दहा मिनिटांत रॉड वाकला. मी हँडल फिरवतोय, रीळही फिरतंय, आणि दोरी मात्र आत येत नाही. मासा दोरी नेतोय आणि मी गरागरा फिरवतोय. काय झालंय हे समजेपर्यंत मी गडबडीत दोरीच हाताने धरली. तर्जनीच्या मधल्या पेरावर ब्लेडसारखी चीर गेली. दोरी सोडली, ढील पडली, मासा गेला.

चूक माझी होती आणि ती शिकाऊ माणसाची होती. ही दोरी इतकी निसरडी की रिळाच्या गुळगुळीत अॅल्युमिनियमवर सरळ बांधली तर सगळं भेंडोळंच रिळाभोवती घसरतं. खाली थोडं तंगूस गुंडाळायचं आणि त्यावर ही, एवढंच करायचं असतं. नाखवांनी बोटाला फडकं बांधलं, होडी चालू ठेवून सगळी १५० मीटर वेणी गळाशिवाय मागे पाण्यात सोडायला लावली, आणि आपल्या डब्यातलं आठ-दहा वाव तंगूस रिळाच्या तळाशी दिलं. मग ओल्या फडक्यातून धरून वेणी परत घेतली. पाऊण तास गेला. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्यांदा खुंटांच्या रांगेजवळ लागला तो जिताडा. पाण्याबाहेर अर्धा आला, डोकं झटकलं, कल्ले उघडलेले स्पष्ट दिसले, आणि रॉड सरळ झाला. टोक ओढून घेतलं तर वेणी समईच्या वातीसारखी पिंजलेली. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते. ते हा मासा हाताळणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी कळतं. खुंटावरची कालवंही तेच करतात. बारीक पदर एकेक करून सुटतात. जाड तंगुसाला तिथे नुसता ओरखडा बसतो आणि ते पुढे टिकतं. सातशे रुपयांचा नकली मासा त्याच्या तोंडात गेला.

तोवर नाखवांनी आपला साधा हातदोरा सोडला होता. लाकडी पट्टीवर गुंडाळलेलं तंगूस, टोकाला आमिष म्हणून ताजं बोईट. रॉड नाही, रीळ नाही. त्यांनी दोन बोटांवर दोरा धरला होता, आणि मासा लागल्यावर त्यांनी झटका दिलाच नाही. होडीच्या वेगाने गळ आपोआप बसला. ताण वाढला तसं तंगूस लांबत गेलं, कमी झाला तसं आखडलं, आणि मासा दमेपर्यंत ते शांतपणे हात पुढे-मागे करत राहिले. दोन किलोचा रावस. छातीच्या परांखाली चार मोकळे दोरे लोंबत होते, मिश्यांसारखे. हॉटेलच्या मेनूत याला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण सॅमनशी याचं नातं नाही. खरं तर सॅमनची आठवण जिताड्यावरून यावी, पण उलटी. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. जिताडा गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि त्यासाठी खारं पाणी गाठतो.

मग मी शहाणपण गुंडाळून ठेवलं. वेणीच्या टोकाला दोन वाव जाड तंगूस जोडलं, दोन्हीकडून वेढे घालून एकमेकांवर सरकणारी गाठ मारली. नेहमीची साधी गाठ वेणीवर सुटते, थुंकी लावून आवळली तरी. रिळाचा ब्रेक नाखवांनी आपल्या हाताने ढिला केला, मी ठेवला असता त्याच्या निम्म्यावर. ताण खायला दोरी नसेल तर रॉडने आणि ब्रेकने तो खावा लागतो. दीड किलोचा एक रावस त्यावर आला. पाणी भरायला लागल्यावर आम्ही वळलो. तुटलेल्या, गुंतलेल्या दोरीचा गोळा मी खिशात घातला. ती खारफुटीत पडली की पक्ष्यांच्या पायात जाते.

रात्री साडेआठला भाच्याला फोन लावला. तिकडे सकाळचे सात. बोट दाखवलं, सगळं सांगितलं, आणि विचारलं, तुम्ही लोक सॅमनला ही दोरी सांभाळता कशी?

"मी कुठे वापरतो?" तो म्हणाला. "माझ्या रिळावर सगळं तंगूसच आहे."

मग त्याने सांगितलं. तिथे दोरी खोल न्यायला वेगळ्या तारेवर शिशाचा जड गोळा सोडतात आणि आपली दोरी त्या तारेला एका चिमट्यात अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो. वेणी त्या चिमट्यातून निसटते, तंगूस धरून राहतं. खोली गोळाच देतो, म्हणून बारीक दोरीचा फायदाही उरत नाही. त्यात ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅमनला बिनकाट्याचाच, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेलाच, गळ लावायचा नियम आहे. क्षणभर ढील पडली की मासा गेला. ताणून धरणारी, लवणारी दोरी आणि साडेदहा फुटी लवचिक रॉड, सगळं त्या एका गोष्टीसाठी.

"मग मला कशाला दिलीस?"

"अरे मामा, चुकून घेतली होती. दुकानवाला परत घेईना. म्हटलं, तुझ्याकडे खपेल."

आमच्या घरी रावस शिजत होता, त्यामुळे मला फार रागावता आलं नाही.