बुजवलेली भोकं

कोपनहेगनच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी जुने कागद दुरुस्त करते, तिथे नकाशा किंवा सरदाराचं पत्र आलं की मालक स्वतः पुढे होतो. त्या दिवशी एक बाई पणजीच्या कपाटातलं बाड घेऊन आल्या. त्यानं वरचं पान उलटलं आणि माझ्याकडे सरकवलं. "शिवणाचं आहे. तू कर."

आत ‘नॉर्डिस्क म्योन्स्टर-टिडेन्ड’चे जुने अंक होते. म्योन्स्टर म्हणजे पॅटर्न, कपड्याचा बेत. कार्ल आणि लॉरा आलर या नवराबायकोनं १८७३ साली धंदा मांडला तो याच मासिकासाठी. तो लिथोग्राफर, संपादन तिचं. १८७७ मध्ये त्यांनी ‘फॅमिली जर्नल’ काढलं, ते आजही दर आठवड्याला निघतं. आणि शिवणाच्या या मासिकाचं पुढे ‘फेमिना’ साप्ताहिक झालं. (आपल्याकडची १९५९ची ‘फेमिना’ वेगळी. नाव तेवढं एक.)

अंकांचं काम किरकोळ होतं. खरा जीव अडकला तो घडी घालून ठेवलेल्या दोन पॅटर्नच्या कागदांत. असा कागद कधी उलगडून बघा. कितीतरी कपड्यांचे तुकडे एकावर एक छापलेले असतात. बाही ठिपक्यांची, पाठ तुटक रेघेची, कॉलर फुली-टिंबाची. शिवणारीनं आपली रेघ बोटानं धरायची, खाली कोरा कागद ठेवायचा आणि रेघेवरून दातेरी चाक फिरवायचं. खालच्या कागदावर बेत उतरतो, वरच्यात टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची रांग राहते.

पहिला कागद घड्यांवर तुटला होता. ओलावा देऊन सैल केला, गव्हाच्या पातळ खळीनं मागून जपानी टिश्यूचं अस्तर लावलं, टीपकागदात घालून दाबाखाली ठेवला. तीन दिवसांनी काढला तर इतका सपाट, की मालकानंही मान डोलावली. ओलाव्यानं कागदाचे तंतू फुगतात, बारीक भोकं आपोआप मिटतात. जी उरली ती मी लगदा भरून बुजवली. हात चांगला बसला होता, खोटं कशाला बोलू.

दुसरा कागद सहज लाइट टेबलवर टाकला. खालून उजेड आला आणि भोकांची एक रांग छापील रेघेवरून चालत चालत कमरेपाशी आली, तिथे रेघ सोडून बोटभर बाहेर गेली आणि काखेखाली परत रेघेला मिळाली. तिच्याही बाहेर आणखी एक रांग.

फोटो आईला इचलकरंजीला पाठवला. तिनं तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. लगेच फोन.

"अगं, कंबर सैल केलीय. दोनदा."

"माया असेल ना शिलाईची?"

"माया सगळीकडनं सोडतात, एकट्या कमरेला नाही. बाईचं अंग सुटलं असेल, नाहीतर दिवस गेले असतील. नाहीतर जावेसाठी बेतलं असेल. तू कशाला बुजवतेस ते?"

मी पहिल्या कागदाचे आधीचे फोटो काढले. सगळे समोरच्या उजेडातले. खालच्या उजेडातला एकही नाही. शिकाऊ मुलांना मीच बजावते, आधी खालून उजेड, मग पाणी. शिवणाचा कागद म्हणून मीही गृहीत धरलं होतं. मालकाला नावं ठेवून काय उपयोग?

दुसऱ्या कागदाची भोकं तशीच ठेवायची म्हटल्यावर तो म्हणाला, "भोक म्हणजे नुकसान. गिऱ्हाईक दुरुस्तीचे पैसे देतंय." मी म्हटलं, या देशात १६९७ पासून छापणाऱ्याला ग्रंथालयाला प्रत द्यावी लागते. कोरी प्रत हवी त्यानं तिकडे जावं, ही वापरलेली आहे. त्यानं खांदे उडवले. मी फक्त तुटलेल्या घड्यांना टिश्यूच्या कोरड्याच पट्ट्या दिल्या आणि भोकांच्या दोन्ही रांगा पारदर्शक फिल्मवर उतरवून सोबत ठेवल्या.

न्यायला आल्या तेव्हा बाईंना पहिलाच कागद जास्त आवडला. "किती स्वच्छ!" म्हणाल्या. दुसऱ्याबद्दल मी फिल्म धरून सगळं सांगितलं. त्यांनी कमरेच्या त्या फुगवट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पहिल्यावरही असं काही होतं का?"

अहवालात मीच लिहिलंय: बारीक भोकं बुजवली. मी त्यांना ती ओळ दाखवली.