मुंगसाची गोष्ट आणि एत्येन द बुर्बों

ब्राह्मणाच्या घरच्या मुंगसाची गोष्ट मी आजीकडून ऐकली, आणि तीच गोष्ट पुढे तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच धर्मोपदेशकाच्या लॅटिन ग्रंथात भेटली, तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले होते. एत्येन द बुर्बों हा सोन नदीकाठच्या बेलव्हिलचा. पॅरिसमध्ये शिकून तो लिओंच्या डोमिनिकन या ख्रिस्ती भिक्षूंच्या संघात भिक्षू झाला, अनेक वर्षे गावोगाव प्रवचने देत हिंडला आणि इन्क्विझिशनसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयासाठी, पाखंड्यांच्या चौकशाही त्याने केल्या. उतारवयात त्याने इतर प्रवचनकारांसाठी दृष्टांतांचा ग्रंथ लिहायला घेतला. ख्रिस्ती धर्मात मानलेल्या पवित्र आत्म्याच्या ७ दानांप्रमाणे त्याचे ७ भाग व्हायचे होते. पाचवा अपुरा असतानाच, १२६१ च्या सुमारास, तो वारला.

लिओंजवळच्या दोंब भागात पापनिवेदन ऐकताना अनेक बायका त्याला सांगत, की आम्ही लेकरू संत गिनफोरकडे नेले होते. हा कोणी खरा संत असेल असे समजून त्याने चौकशी केली, तेव्हा कळले की गिनफोर हा एक शिकारी कुत्रा होता. पाळण्याकडे निघालेल्या सापाला त्याने फाडले, रक्ताने माखलेले तोंड पाहून मालकाने त्यालाच तलवारीने मारले, आणि मग उलटलेल्या पाळण्याजवळ बाळ सुखरूप झोपलेले दिसले. कुत्र्याला विहिरीत टाकून वर दगड रचले गेले, भोवती झाडे लावली गेली.

त्या झाडीत आया आजारी मुले आणत. मीठ वाहत, दुपटी झुडपांवर टांगत, दोन खोडांमधून उघडे बाळ नऊ वेळा पलीकडे देत, वीतभरही नव्हे, जेमतेम बोटाच्या पेरभर मेणबत्त्या लावून त्याला एकटे ठेवत आणि शेवटी शालारोन नदीत नऊ वेळा बुडवत. एत्येनने कुत्र्याची हाडे उकरून काढली आणि झाडी तोडून त्यांच्यासकट जाळायला लावली. तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथली वाट मोडली नाही.

त्याने या आयांना बालहत्येचा दोष दिला, तो मला फार कठोर वाटतो. मेणबत्तीने पेट घेऊन मुले दगावल्याचे त्याने ऐकले होते, हेही खरे. पण त्याने त्यांचे बोलणे नीट ऐकून घेतले. एक बाई बाळाला ठेवून मागे सरली, तर रानातून लांडगा येताना तिला दिसला आणि ती धावत परतली. ती का परतली, हे सांगताना एत्येनने आईची माया हेच कारण लिहिले आहे.